पाण्यानं की आभाळातून

पेटी आली ती शनिवारी सकाळी. हॅम्बर्गच्या आल्टोना भागातल्या त्या जुन्या इमारतीला लिफ्ट नाही, त्यामुळे विभावरीचा नवरा शार्दूल आणि त्याचा थोरला भाऊ शिरीष चार मजले धापा टाकत ती वर घेऊन आले आणि दिवाणखान्याच्या मधोमध ठेवून मागे सरले. नव्या लाकडाचा वास घरभर सुटला. आत जाड फोम, वीणेच्या मापानं कापलेला. भोपळ्यापुरता गोल खड्डा, दांडीपुरती लांब चर. पेटी रिकामी होती, पण तिच्यात कुणीतरी निजून नुकतंच उठून गेल्यासारखी दिसत होती.

"झीट आउस वी आइन झार्ग," अन्वी म्हणाली.

पोरीला मराठी सगळं कळायचं, पण तोंडातून निघायचं ते जर्मनच. दोघे भाऊ एकदम पेटीची बिजागरं तपासायला लागले. विभावरीनं लेकीकडे डोळे वटारले.

"काय म्हणाली गं ती?" कोपऱ्यातल्या खुर्चीतून शुभाताईंनी विचारलं.

"पेटी छान झालीय म्हणाली, आई."

शवपेटीसारखी दिसते, असं म्हणाली होती ती. पण सासूबाईंना ते सांगून काय करायचं? तसंही त्यांचं लक्ष नव्हतं. त्या खिडकीकडे बघत बसल्या होत्या, आणि खिडकीबाहेर आज हॅम्बर्ग नव्हतंच. एल्बे नदीवरून धुकं चढून आलं होतं. समोरच्या चर्चचा मनोरा, बंदरातल्या क्रेन, खाली उभ्या केलेल्या गाड्या, सगळं कुणी ओल्या फडक्यानं पुसून टाकावं तसं गेलं होतं. उरले होते फक्त भोंगे. आंधळ्या माणसांनी एकमेकांना हाका घालाव्यात तशी जहाजं ओरडत होती.

एक लांब, खर्जातला भोंगा झाला. आणि खिडकीशेजारी, चौरंगावर भिंतीला टेकून उभी असलेली वीणा हलकेच बोलली. एकच स्वर. तारेला कुणाचं बोट लागलं नव्हतं.

"आले हो," शुभाताई म्हणाल्या, आणि त्यांनी पदर सारखा केला.

विभावरीच्या मानेवरून काटा सरसरत गेला. रोज ऐकूनही जात होता.

शुभाताईंचे यजमान दिनकरबुवा गेले त्याला तीन महिने झाले होते. माडवण गावच्या रामाच्या देवळात या माणसानं उभा जन्म कीर्तन केलं. पूर्वरंगात जो अभंग जड वाटायचा तो उत्तररंगात असा काही उलगडायचा, की डोळे पुसता पुसता बायका हसायला लागायच्या आणि हसता हसता पुन्हा पुसायला लागायच्या. हिवाळ्याआधी थोडे दिवस मुलांकडे राहून येऊ म्हणून नवरा-बायको हॅम्बर्गला आले. बुवांनी वीणा बरोबर आणली. ती विमानाच्या पोटात साध्या खोळीतून आली आणि भोपळ्याला चीर घेऊन उतरली. इथल्या एका म्हाताऱ्या व्हायोलिन-कारागिरानं चीर बुजवली आणि बजावलं, आता हिला पुन्हा हलवायचं तर नीट पेटीतून, माल म्हणून पाठवायचं. बुवा मात्र मागं जायला राहिलेच नाहीत. नोव्हेंबरातल्या एका सकाळी आंघोळ करून, गंध लावून खुर्चीत बसले ते बसलेच.

आता रामनवमी जवळ येत होती. माडवणच्या सप्ताहात वीणा खाली ठेवायची नाही असा दंडक. सात दिवस, सात रात्री ती या गळ्यातून त्या गळ्यात जाते, जमिनीला टेकत नाही. आणि ती वीणा हीच. दुसरी वीणा त्या देवळात कधी उभी राहिली नव्हती. यंदा बुवांच्या जागी त्यांचा पुतण्या मयुरेश पहिल्यांदा उभा राहायचा होता आणि एक दिवसाआड त्याचा फोन येत होता: काकू, निघाली का वीणा?

त्यावर काकूंनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, "ती पोचायची वेळ झाली की मी निघाले. ती देवळात पोचेल तेव्हा मला तिथं असायला हवं."

हे ऐकल्यापासून विभावरीची झोप उडाली होती. सासूबाईंचं हृदय थकलं होतं, डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. जेवण दोन घासांवर आलेलं. माडवणच्या घराला कुलूप. तिथं ही बाई एकटी त्या ओसरीवर बसली, की महिना काढायची नाही, हे विभावरीला आरशासारखं स्वच्छ दिसत होतं. तिची स्वतःची आई ती लहान असतानाच गेलेली. लग्न होऊन आली तेव्हा शुभाताईंनी पहिल्याच दिवशी तिच्या केसांना तेल लावून दिलं होतं, काही न बोलता. ते हात तिला इतक्यात सोडायचे नव्हते.

आणि नेमकं तिच्याच हातात सगळं होतं. ती एका श्पेडिशनमध्ये, म्हणजे परदेशी माल रवाना करणाऱ्या कंपनीत, कामाला होती. गिऱ्हाइकाला विमान बरं की बोट बरी, हे मांडून दाखवणं हेच तिचं रोजचं काम. वीणा विमानानं गेली तर सासूबाई आठवड्यात जाणार. बोटीनं गेली तर ती पोचेपर्यंत थांबणार. तोवर इथं वसंत येईल, संध्याकाळी उशिरापर्यंत उजेड राहील, आणि देवाच्या मनात असेल तर त्यांचा जीव इथं रमेल.

म्हणून तिनं तक्ता बोटीच्या बाजूनं झुकवला होता. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. फक्त काही खरी अक्षरं तिनं लिहिलीच नव्हती.

"आल्झो, चला तर," शिरीष हात पुसत सोफ्यावर बसला. झिंडेलफिंगेनच्या कार कारखान्यात इंजिनियर. पहाटेच्या गाडीनं खास या निर्णयासाठी आला होता. "दाखवा, विभावरीबाई, तुमचं कोष्टक. मी आधीच सांगतो, मी विमानवाला आहे."

"माहितीय, भावोजी." तिनं लॅपटॉप टीव्हीला जोडला. दोन रकाने भिंतीवर उजळले. "विमानानं पाठवली तर आठवड्याभरात देवळाच्या दारात. बोटीनं दोन महिने धरा. जहाजं अजून तांबड्या समुद्रातून जायला बिचकतात, सगळ्या आफ्रिका खंडाला वळसा घालून जातात."

"म्हणजे सप्ताह चुकला."

"गेनाऊ. बरोब्बर, चुकला."

"मग बोलायचं काय राहिलं? मी ट्रेननं परत जातो."

"भोपळा राहिला," विभावरी म्हणाली. "विमानात चढवायच्या आधी पेटी उघड्यावर पडून असते. बाहेर बघा काय गारठा आहे. वर गेल्यावर आतली हवा कोरडी ठणठणीत. बुजवलेली चीर पुन्हा उलली तर मयुरेशच्या हातात काय पडेल? लाकडाची दांडी आणि फुटकी कवटी."

कवटी हा शब्द तिला म्हणायचा नव्हता. निघून गेला.

"शिवाय," ती घाईनं म्हणाली, "विमानात पेटीचं नुसतं वजन नाही बघत. तिनं जागा किती अडवली ते मोजतात, त्याचं वजन काढतात, आणि दोन्हीतलं जे जड असेल ते लावतात. आपली पेटी हलकी, पण मोठी. आतल्या पोकळीचंच वजन जास्त भरतं."

"पोकळीचं वजन करतात?" शुभाताईंनी पहिल्यांदाच मान वळवली. त्यांच्या चेहऱ्यावर जुनं हसू आलं. "शहाणी आहेत की मग माणसं. हे कीर्तनात म्हणायचे, भोपळ्यात काही नाही म्हणून तर त्यात नाव मावतं. भरलेला भोपळा भाजीला जातो."

सगळे हसले. अन्वीसुद्धा. क्षणभर घर घरासारखं झालं.

"मी पहिल्यापासून बोट म्हणतोय," शार्दूल म्हणाला. "माझं कारण तक्त्यात नाही. बाबांनी या घरात पाऊल टाकल्या टाकल्या काय सांगितलं होतं? 'परत जाताना मला पाण्यानं पाठवा रे. एवढ्या उंचावर माझा जीव राहत नाही.' अख्खा प्रवास खुर्चीचे हात धरून नामस्मरण करत आला होता तो माणूस. हवाईसुंदरीनं तर पाणी आणून दिलं, तिला वाटलं, रडतायत."

"ते बाबा म्हणाले, वीणा नाही म्हणाली."

"आणि तू त्यांना कशानं नेलंस?"

खोलीत एकदम थंड झालं.

"अस्थी बोटीनं नेतात का रे?" शिरीषचा आवाज चढला. "दोन महिने? तू आला असतास बरोबर? तुझी सॉफ्टवेअरची रिलीज होती ना त्या आठवड्यात! मी एकटा त्या डब्याला मांडीवर धरून बसलो होतो, विमानानं गचका खाल्ला की मी दोन्ही हातांनी... जाऊ दे."

"मी तसं नाही म्हणालो, दादा."

"तसंच म्हणालास."

"भांडू नका रे," शुभाताई म्हणाल्या. "ते ऐकतात."

शिरीषनं चष्मा पुसला आणि पुन्हा तक्त्याकडे वळला. इंजिनियरच तो. बोलण्यात हरला की आकड्यांत शिरायचा.

"मला एक सांग, विभावरी. आमचे नाजूक सेन्सर आम्ही विमानानं पाठवतो. त्यांना उबदार कप्पा मिळतो. उघड्यावरही ठेवत नाहीत. तो तुझ्या रकान्यात कुठंय?"

मिळत होता. तिनं स्वतः शेकडो वेळा मिळवून दिला होता. आणि बोटीच्या रकान्यातही एक गोष्ट नव्हती: बंद कंटेनरमध्ये उष्ण समुद्रावर ओल धरते, छतावरून आतल्या आत पाऊस पडल्यासारखं पाणी ठिबकतं, आणि असल्या पावसात जुना भोपळा आठवडाभर तग धरत नाही.

"नाही मिळत," ती म्हणाली. "सध्या त्या मार्गावर नाही."

तिच्या तोंडून शब्द सुटायला आणि वीणा बोलायला एकच गाठ पडली. तोच स्वर. या वेळी जरा मोठा, आणि उशिरापर्यंत रेंगाळणारा.

"एअ श्पील्ट वीडर," अन्वी पुस्तकातून मान वर न करता म्हणाली. तो परत वाजवतोय. शाळेतून आल्यावर पाऊस पडतोय म्हणून सांगावं, इतक्या सहज.

"कोण वाजवतंय?" शिरीष ताडकन उठला. "फिजिक्स वाजवतंय! पोरीला असलं काही शिकवू नका. शार्दूल, तू आयटीतला ना रे? रेझोनन्स कळत नाही? बाबांनी तार लावलीय त्याच पट्टीत बंदरातला भोंगा आहे. तो वाजला की तार थरथरते. संपलं. हे बघ."

तो वीणेपाशी गेला आणि त्यानं तारेवर बोट दाबून धरलं.

धुक्यातून भोंगा आला. वीणा गप्प.

"बघितलंस?"

आणखी एक भोंगा, जवळचा, काचा हलवणारा. वीणा गप्प.

"कळलं, आई? बोट ठेवलं की बंद. यात कुणी नाही." शिरीष हसत मागं वळला. बोट अजून तारेवरच होतं.

मग भोंगे थांबले. असं अधूनमधून होतं. सगळी जहाजं एकाच वेळी श्वास घेतात म्हणा ना. खोलीत इतकी शांतता झाली, की फ्रिजची घरघर स्वयंपाकघरातून ऐकू येऊ लागली.

आणि शिरीषच्या बोटाखाली वीणा वाजली.

दाबलेली तार वाजते तसं दबकं, बद्द नव्हे. मोकळी, भरून. त्याचं बोट जणू तिथं नव्हतंच. शिरीषनं तव्याचा चटका बसावा तसा हात काढला. स्वर मात्र तसाच चालू राहिला, आणि मग एखादा माणूस बोलता बोलता दाराबाहेर निघून जावा तसा दूर गेला.

शिरीष सोफ्यावर येऊन बसला. बराच वेळ तो आपल्या बोटाच्या टोकाकडे बघत होता.

"बोटीनं पाठवा," तो म्हणाला.

"काय?" शार्दूल.

"बोटीनं. मी त्यांना पुन्हा विमानात नाही घालणार. त्या दिवशी डबा सारखा... तुम्हाला सांगितलं नाही मी. गरम होता. घरापासून मुंबईपर्यंत गरम होता. मला वाटलं, माझ्या हातांची ऊब असेल."

"दादा, प्लीज." शार्दूलचा चेहरा पांढरा पडला होता. त्यानं अन्वीला जवळ ओढलं. "ते मला नको ऐकवूस. वीणा विमानानं जाऊ दे. सोमवारी जाऊ दे. माझी मुलगी या खोलीत अभ्यास करते."

"अरे, पण तूच मघाशी..."

"मघाशी मला हे माहीत नव्हतं!"

विभावरी दोघांकडे बघत राहिली. पंधरा मिनिटांपूर्वी ज्याला विमान हवं होतं तो आता बोटीला चिकटला होता, आणि बोटवाला विमानाला. दुसरा कुठला दिवस असता तर तिला हसू फुटलं असतं.

"भांडणाचं कारण नाही," शुभाताई गुडघ्यांवर हात टेकत उठल्या. "कौल लावू."

"इथं?" शिरीष म्हणाला.

"का? राम काय व्हिसा लागतो म्हणून येणार नाही?"

"आई, कौल देवाला लावतात. मूर्तीला. वीणेला कुठं लावतात?"

"सप्ताहात ती उभी असते तेव्हा लोक तिच्याच पाया पडतात की नाही? मग झालं. विभा, फुलं काय आहेत घरात?"

ट्यूलिप होते. गुरुवारच्या बाजारातून आणलेले, पिवळे. गावी कौलाला तगरीच्या कळ्या नाहीतर तुळशीची पानं लागतात. शुभाताईंनी ट्यूलिप हातात धरून उलटसुलट पाहिला आणि म्हणाल्या, "चालेल. यानंही मातीतूनच डोकं वर काढलंय." त्यांनी हातपाय धुतले. शार्दूलनं सवयीनं छतावरचा धुराचा अलार्म काढून ठेवला, मग उदबत्ती लागली. शिरीषचा एरवी यातल्या कशावर विश्वास नव्हता. पण त्यानं मोजे काढले आणि मांडी घातली.

"उजवं अंग आभाळाचं, डावं पाण्याचं. वीणा जरा पुढे घे गं, पूर्वेला तोंड करून," सासूबाई म्हणाल्या.

विभावरीनं चौरंग सरकवला. आणि तो सरकवताना तिच्या हातांनी एक गोष्ट केली. खिडकीखाली हायत्सुंग होता, घर तापवणारी ती लोखंडी पट्ट्यांची पेटी. वीणेची डावी बाजू तिनं त्याच्या अगदी जवळ येईल अशी ठेवली. पाण्यानं चिकटवलेल्या पाकळीला ऊब लागली की ती आधी सुकणार. सुकली की आधी गळणार. कुणाच्याही लक्षात आलं नाही. तिच्या स्वतःच्या लक्षातही ते पुरतं आलं तेव्हा चौरंग ठेवून झाला होता.

रामराया, मला क्षमा कर, ती मनात म्हणाली. मला हिला इथंच ठेवायचंय.

शुभाताईंनी दोन पाकळ्या पाण्यात बुडवल्या आणि भोपळ्याच्या दोन अंगांना एकेक चिकटवली. "उजवी पडली तर आभाळातून. डावी पडली तर पाण्यानं." मग हात जोडून डोळे मिटले. "गाऱ्हाणं मी मनातच घालते."

त्यांचे ओठ हलत होते. बराच वेळ हलत होते. एवढुशा प्रश्नाला एवढा वेळ का लागावा, असं विभावरीला वाटून गेलं.

बाहेर एकही भोंगा नव्हता. उदबत्तीचा धूर सरळ वर चढत होता. उजवी पाकळी जराशी घसरली. शार्दूलनं श्वास रोखला. पण ती तिथंच थांबली, आणि तिचं पाणी भोपळ्यावरून एक रेघ काढत खाली गेलं. अन्वी बापाच्या कुशीतून टक लावून बघत होती. वीणेकडे नव्हे, वीणेच्या जरा वर, उभ्या माणसाचा चेहरा असतो तिथं.

मग डावी पाकळी खाली आली. पडली म्हणता येणार नाही. ती घसरली नाही, गळली नाही. कुणी दोन बोटांनी उचलून हलकेच चौरंगावर ठेवावी, तशी आली.

"बोट," शिरीषनं सुस्कारा सोडला.

"ठीक आहे," शार्दूल म्हणाला. "कौल तो कौल. दोन महिने. काढू आपण."

विभावरीला रडू येईलसं वाटलं. झालं होतं. वसंतापर्यंत आई इथं. तिनं लॅपटॉपकडे हात नेला.

"मयुरेशला लाव बघू फोन," शुभाताई म्हणाल्या.

फोन लागला. "बोला, काकू!" माडवणचा आवाज, मागं कुठंतरी कावळे.

"मयुरेशा, वीणा आठवड्याभरात पोचेल. विमानानं येतेय. तार तूच जुळव, दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नकोस. आणि पहिल्या दिवशी आख्यान लांबवू नकोस हो, तुला घाई नसली तरी माणसांना जेवायचं असतं."

"आणि तुम्ही कधी येताय?"

"मी नाही येत रे," त्या म्हणाल्या. "चांगलं कर," आणि फोन विभावरीच्या हातात दिला.

मग सगळे एकदम बोलले.

"आई, कौल बोटीचा झाला!" "डावी पडली ना?" "आपल्या सगळ्यांसमोर..."

"डावीच पडली. मी कुठं नाही म्हणतेय?" शुभाताई खुर्चीत बसल्या. आज कित्येक दिवसांत त्या अशा ऐसपैस बसल्या होत्या. "पण मी वीणेचं विचारलंच नाही. तिचं काय विचारायचं? तिला सप्ताहाला उभं राहायचंय, ती लवकर पोचेल तशीच जायला हवी. ते मला पहिल्यापासून कळत होतं. तुम्ही दोघं भांडत होतात म्हणून बोलले नाही."

"मग काय विचारलंस?" शार्दूलचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

"माझं विचारलं. म्हटलं, तुम्ही तर आभाळातून गेलात, मनात नसताना. आता माझी पाळी. मी कशी येऊ? इथून मला गावी न्यायचं आणि मग पुढं, की इथूनच? तर म्हणाले, इथूनच. पाण्यानं." त्यांनी सुनेकडे बघितलं. "तूच नव्हतीस का मला सांगितलंस, यांच्या वेळी? की इकडे राख समुद्रातही सोडू देतात म्हणून?"

सांगितलं होतं तिनं. सहज. त्या दाहगृहाच्या बाईनं पुढं केलेली माहिती मराठीत करून सांगितली होती, इतकंच.

"आई, असं अभद्र बोलू नकोस," शिरीष म्हणाला. पण त्याच्या आवाजात जोर नव्हता.

"अभद्र काय त्यात? यांनी एवढी कीर्तनं सांगितली, ती काय दुसऱ्यांसाठीच?"

विभावरी त्यांच्या पायांशी जाऊन बसली. "आई, ते खरं नाही. तो कौल खरा नाही. मी केलंय ते. तक्ताही मीच... तो उबदार कप्पा मिळतो, आई. मी खोटं बोलले. आणि चौरंग मी मुद्दाम हायत्सुंगला लावून ठेवला. डावी पाकळी उबेनं पडली. नुसत्या उबेनं. तुम्ही थांबावं म्हणून केलं सगळं."

शुभाताईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"तुझ्या तक्त्यात काय आहे ते मला कळलं नाही, पण तू तो का केलास ते कळलं होतं. मग थांबतेच आहे की मी. तुला हवं होतं तसंच झालं. आता रडतेस कशाला?"

विभावरी उठली. तिला एकच गोष्ट करायची होती. ती खिडकीपाशी गेली आणि तिनं त्या लोखंडी पट्ट्यांवर तळहात ठेवला.

गार. नदीतून काढलेल्या दगडासारखा गार.

"अगं, तो बंद आहे," शिरीष मागून म्हणाला. "सकाळी पेटी चढवून घाम फुटला होता, मीच बंद केला. काय झालं?"

तिचा तळहात तिथंच राहिला. जरा वेळानं तो उबदार लागेल, अशी वाट बघत असल्यासारखा.

बाहेर धुकं तसंच होतं. शार्दूल कुणी न सांगता वीणेच्या तारा उतरवायला बसला, खुंटी एकेक पीळ सैल करत, आणि शिरीषनं पेटीतला फोम झटकला. दोघा भावांनी वीणा उचलली आणि त्या खड्ड्यात अशी अलगद ठेवली, की पाळण्यात बाळ ठेवतानाही कुणी एवढं जपत नसेल. विभावरीनं लॅपटॉप उघडला, बोटीचा रकाना पुसून टाकला, विमानाच्या रकान्यात उबदार कप्पा लिहिला आणि सोमवारची उचल नोंदवली. काम ओळखीचं होतं. ते आपसूक झालं.

"विभा, काय आहे गं जेवायला?" सासूबाईंनी विचारलं. "मला भूक लागलीय. चांगली सडकून लागलीय."

तिनं गरम भात वाढला, वर वरण, तूप, लिंबाची फोड. शुभाताई पोटभर जेवल्या. दुसऱ्यांदा भात मागून घेतला. नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा त्यांच्या गालांवर रंग दिसत होता, आणि अन्वी आजीला टेकून बसली होती, तिच्याच ताटातला लिंबाचा तुकडा चोखत.

शेवटचा घास झाल्यावर त्यांनी ताटात पाणी सोडलं, हात पुसला, आणि बाजारातून काही आणायला सांगावं अशा साध्या आवाजात म्हणाल्या,

"इतके दिवस झाले इथं येऊन, पण नदीच्या पुढं काही गेले नाही. धुकं निवळलं की एकदा तो समुद्र दाखव गं मला. बघून ठेवते."